माप आतून की बाहेरून?

३ जून, सोमवार

पुस्तिकेच्या कामाला आज हात घातला. प्रकाशकबाईंचं म्हणणं साधं आहे. ज्यांनी पंचवीस-तीस वर्षं पेजमेकरवर पुस्तकं लावली, त्या डीटीपीवाल्यांना ई-बुकची स्टाइलशीट लिहिता आली पाहिजे. मराठीत, सव्वाशे पानांच्या आत. ‘आणि चित्रं भरपूर घाला, म्हणजे पटकन कळेल.’ हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. चित्र घातलं की कळतं, ही समजूत ज्यांना चित्र काढावं लागत नाही त्यांची.

वीस वर्षं मी पंप, झडपा, गिअरबॉक्स यांच्या माहितीपुस्तिकांची चित्रं काढली. पंप टेबलावर ठेवता येतो, कापून आतला पंखा दाखवता येतो. इथे कापायचं काय? समास, वारसा, प्रवाह, अग्रक्रम. पडद्यावर दिसतो तो नुसता परिणाम. तो ज्याच्यामुळे झाला ते कुठेच दिसत नाही.

नवी वही घेतली. उजव्या पानावर चित्र. डाव्या पानावर एक रकाना आखला: ‘हे चित्र काय खोटं सांगतं’.

५ जून, बुधवार

पहिलं चित्र लग्नपत्रिकेचं. अप्पा बळवंत चौकाजवळच्या पत्रिकांच्या दुकानात नमुन्यांचा अल्बम पुढ्यात टाकतात, तिथून सुचलं. मजकूर तोच: गणपतीचं नाव, वधू-वर, मुहूर्त, स्थळ, निमंत्रक. पत्रिका मात्र चाळीस प्रकारच्या. डाव्या बाजूला नुसता टाइप केलेला मजकूर काढला, उजवीकडे त्याच मजकुराच्या तीन पत्रिका. मजकुराला हात न लावता रूप बदलायचं, ते बदलण्याच्या सूचना वेगळ्या कागदावर ठेवायच्या. तो वेगळा कागद म्हणजे स्टाइलशीट, आणि ती लिहायची भाषा म्हणजे सीएसएस.

आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीला म्हटलं, मजकुराच्या तुकड्यांना नावं दे. तिने लिहिलं: ‘लाल मोठं’, ‘मधलं’, ‘बारीक’. मग दुसरी पत्रिका पुढे ठेवली. तिच्यात मुहूर्त हिरव्यात होता. ती थोडा वेळ बघत राहिली, मग स्वतःच ‘लाल मोठं’ खोडून ‘मुहूर्त’ लिहिलं. मी एक अक्षर बोलले नव्हते. दिसतं त्यावरून नाव ठेवायचं नाही, असतं त्यावरून ठेवायचं, हे सांगायला मी अडीच पानं लिहिली होती. ती काढून टाकली.

२००३मध्ये कॅनडातल्या डेव्ह शे या डिझायनरने हाच खेळ मोठ्या प्रमाणावर मांडला होता: ‘सीएसएस झेन गार्डन’. मजकुराचं एकच पान, जगभरच्या लोकांनी फक्त स्टाइलशीट बदलून त्याला वेगवेगळी रूपं दिली. स्टाइलशीटने काय होतं याबद्दल तोपर्यंत शंका घेणाऱ्यांची तोंडं त्याने बंद केली.

रकान्यात: पत्रिकेचा आकार ठरलेला असतो, पडद्याचा नसतो. आणि पत्रिका आल्यावर पाहुणा तिची अक्षरं मोठी करू शकत नाही. ई-बुक वाचणारा करतो.

६ जून

बॉक्स मॉडेल, म्हणजे मजकुराच्या प्रत्येक तुकड्याभोवतीचा डबा. सगळीकडे एकच चित्र असतं: एकात एक चार चौकोन, आतून बाहेर मजकूर, पॅडिंग, बॉर्डर, मार्जिन. त्यातून काही कळतं असं मला कधी वाटलं नाही. ज्याला आधीच माहीत आहे त्याला ते आठवतं, इतकंच.

मी भिंतीवरचा फोटो घेतला. फोटो म्हणजे मजकूर, भोवतीचा जाड कागदाचा माउंट म्हणजे पॅडिंग, लाकडी चौकट म्हणजे बॉर्डर, आणि शेजारच्या फोटोपासून सोडलेली मोकळी भिंत म्हणजे मार्जिन. पॅडिंगला मराठीत ‘अस्तर’ म्हणायचं ठरवलं, मार्जिनला आपला जुना ‘समास’ आहेच.

मुलीला दाखवलं. खूश झाली आणि लगेच विचारलं, “ताई, मग माउंटला वेगळा रंग कसा द्यायचा?”

देता येत नाही. अस्तराला स्वतःचा रंग नसतो. मजकुरामागचा रंगच अस्तरातही पसरतो. चित्राने फसवलं, कारण खरा माउंट नेहमी फोटोहून वेगळ्या रंगाचा असतो. चित्र पुन्हा काढलं: फोटोच्या जागी रंगीत कागदावर लिहिलेली पाटी, कागद तोच चौकटीपर्यंत गेलेला.

७ जून, शुक्रवार

कालच्याच चित्रावर आणखी एक दिवस गेला. रुंदी ३०० सांगितली, अस्तर दोन्ही बाजूंना २०-२०, चौकट ५-५. डबा पडद्यावर किती जागा खाईल? ३५०. ज्याला विचारावं तो ३०० म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुपारी कपाटाचं दार बसवायला सुतार आला. त्याला म्हटलं, “खिडकी चार फुटी करायची आहे.” हातातली पट्टी खाली न ठेवता त्याने विचारलं, “माप आतून की बाहेरून?”

मला हेच हवं होतं. सीएसएसच्या मूळ नियमात रुंदी म्हणजे आतलं माप. मायक्रोसॉफ्टचा विंडोजवरचा इंटरनेट एक्सप्लोरर ५ ती बाहेरची धरायचा, म्हणजे त्याच्यात तोच डबा ३००चा होई आणि मजकुराला उरत २५०. एकच पान दोन ब्राउझरांत दोन मापांचं. टॉड फार्नर यांनी १९९८मध्ये अशाच विसंगतींवर एक चाचणी केली. तिचंही एक चित्रच होतं: रंगीत डब्यांचं पान कसं दिसायला हवं याचा नमुना, त्याला तुमचा ब्राउझर लावून बघा, तंतोतंत जुळला तर पास. २००५च्या दुसऱ्या चाचणीत तर हसरा चेहरा होता. ब्राउझरने नियम चुकवले की चेहरा विस्कटायचा. शिकवणारं चित्र आणि परीक्षा घेणारं चित्र यांत दुसरं जास्त प्रामाणिक, असं मला वाटायला लागलं आहे.

एक्सप्लोरर सहाव्या आवृत्तीत सुधारला. गंमत म्हणजे बाहेरचं मापच सोयीचं असं पुढे बहुतेकांचं मत पडलं आणि ‘बॉक्स-सायझिंग’ नावाने ती मुभा नियमातच आली. म्हणजे आता लिहिणाऱ्याने सुतारासारखं आधी विचारायचं. खिडकीचं चित्र घातलं, फुटपट्टी दोनदा काढली, एकदा आतून, एकदा बाहेरून. रकाना रिकामा.

१० जून

रात्रभर पाऊस. समासांचं एकमेकांत मिसळणं. मथळ्याखाली २० सोडायला सांगितलं, त्याखालच्या परिच्छेदाच्या वर ३०. मध्ये अंतर पडतं ३०. डीटीपीवाल्याला हे अन्याय वाटतं. पेजमेकरमध्ये वरचं आणि खालचं सरळ मिळवलं जायचं.

रांग काढली. पुढच्याला मागे एक हात अंतर हवं, मागच्याला पुढे दोन हात. दोघंही समाधानी होण्यासाठी दोन हात पुरतात, तीन लागत नाहीत. इथवर चित्र चोख. पण परिच्छेद दुसऱ्या डब्याच्या आत सर्वात वर असेल तर आतल्याचा समास बाहेरच्याच्या डोक्यावरून बाहेर निघतो. रांगेत हे कसं दाखवणार?

मुलीने दाखवलं. रांगेतल्या बाईच्या कडेवर पोर काढलं आणि त्याचा पाय आईच्या बाहेर लोंबवला. आता मागच्याने अंतर मोजायचं ते पोराच्या पायापासून. आईने शाल गुंडाळली की पाय आत. शाल म्हणजे बॉर्डर किंवा अस्तर. ती असली की समास बाहेर निसटत नाही. मी तिच्याकडे बघतच राहिले. चित्र तिचंच ठेवलं, रेघा फक्त जाड केल्या.

(शेजारी शेजारी उभ्यांचे समास मिसळत नाहीत, मिळवले जातात. हे एका ओळीत लिहिलं. सगळ्यालाच चित्र कशाला?)

१२ जून, बुधवार

काका आले होते. काकांनी नारायण पेठेतल्या छापखान्यात हाताने खिळे जुळवले, मग ब्रोमाइडची कात्रणं चिकटवून पेस्टअप केलं, मग वयाच्या पन्नाशीत संगणक शिकले. पुस्तिकेचे पहिले वाचक तेच.

ओळींमधल्या अंतराचं चित्र त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “हे काय काढलंय? पट्टी दोन ओळींच्या मध्ये असते. तुमची अर्धी वर आणि अर्धी खाली?”

“नियम तसाच आहे, काका.”

“शिशाची पट्टी आम्ही ओळ जुळवून झाली की खाली सरकवायचो. पहिल्या ओळीच्या डोक्यावर पट्टी कोण ठेवतं?”

सीएसएस ठेवते. अक्षरांची उंची समजा २० आणि ओळीची उंची २४ सांगितली, तर उरलेले ४ निम्मे निम्मे: २ वर, २ खाली. म्हणून परिच्छेदाच्या अगदी वरच्या ओळीवरही थोडी हवा राहते आणि शेजारच्या चित्राच्या वरच्या कडेशी ओळ जुळत नाही. काकांनी दहा सेकंदांत पकडलेली ही गोष्ट वेबवाल्यांना वर्षानुवर्षं खुपत आली. ती हवा छाटायची सोय मानकाच्या मसुद्यात अगदी अलीकडे आली आहे.

इंग्रजी पुस्तकांतून आलेल्या चित्रात एकट्या ओळीभोवती वर-खाली पट्ट्या दाखवतात. काकांसारख्याला ते चित्र चुकलेलंच वाटणार, कारण त्यांच्या बोटांना पट्टी ठाऊक आहे. म्हणून दोन चित्रं शेजारी काढली: शिशाची पट्टी आणि अर्धी-अर्धी हवा. ज्याला जे आधीपासून माहीत आहे ते आधी मान्य करायचं, मग पुढे न्यायचं.

निघताना काका म्हणाले, “चहा बरा होता. चित्र त्याहून थोडं कमी.”

१३ जून

तिथेच अडकले आहे. ओळीच्या बांधणीची जेवढी चित्रं मिळतात ती रोमन अक्षरांची. अक्षरं जमिनीवर उभी, काहींची डोकी वर, काहींच्या शेपट्या खाली. आपली अक्षरं उभी राहत नाहीत, शिरोरेषेला लटकतात.

वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी काढली. कपडे म्हणजे अक्षरं, दोरीवरचे चिमटे म्हणजे मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली लोंबणाऱ्या नाड्या म्हणजे उकार. वर चिमट्यांना जागा हवी आणि खाली नाड्यांना, म्हणून मराठीच्या ओळीला इंग्रजीपेक्षा जास्त उंची द्यावी लागते. इंग्रजीसाठी लिहिलेली स्टाइलशीट तशीच मराठी पुस्तकाला लावली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत घुसतात. अशी ई-बुकं विकत घेऊन मी पैसे घालवले आहेत.

अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायचा आदेश दिला की दोरीच तुटते. तेही काढलं: तुकडे तुकडे झालेली दोरी आणि तरंगणारे सदरे.

पण रकान्यात लिहावं लागलं: ब्राउझरला ही दोरी दिसत नाही. देवनागरीलाही तो आपल्या सवयीने खालच्या, रोमन जमिनीवरच मोजतो; मराठी आणि इंग्रजी शब्द एका ओळीत आले की दोन्ही त्या जमिनीवर जुळवले जातात, शिरोरेषा कुठे येईल ते फाँट करणाऱ्याच्या मापांवर. परिच्छेदाचं पहिलं अक्षर मोठं करताना ते शिरोरेषेवर टांगावं अशी तरतूद सीएसएसच्या मसुद्यात आहे. मग चित्रात दोरीखाली फरशी काढली. डोळा दोरीकडे बघतो, यंत्र फरशीकडे.

१४ जून

मुलगी: “ताई, ‘स्त्री’मधलं पहिलं अक्षर कोणतं?”

मी म्हटलं, ‘स्त्री’. यंत्राला हे सहज उमगत नव्हतं. जोडाक्षर अखंड धरायचा नियम युनिकोडच्या मजकूर तोडण्याच्या नियमावलीत २०२३ साली, १५.१ या आवृत्तीत आला. काकांना खिळ्यांच्या पेटीपाशी हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

१७ जून, सोमवार

वारसा. वंशावळ काढली, आपल्याकडे ती वरून खालीच लिहितात, त्यामुळे झाड उलटं काढण्याची कटकट नाही. अक्षराचा रंग, फाँट, ओळीची उंची मुलांकडे उतरते. चौकट, अस्तर, समास उतरत नाही. आडनाव उतरतं, कुंपण उतरत नाही. हे वाक्य चित्राखाली टाकलं आणि मग चित्राची गरजच उरली नाही, असं वाटून थोडं वाईट वाटलं.

एक फसवणूक मात्र वंशावळीत दिसत नाही. मागचा रंग वारशाने येत नाही, पण आल्यासारखा वाटतो. कारण मुलाचा डबा पारदर्शक असतो आणि त्यातून बापाची भिंत दिसते.

दुसरी भानगड टक्क्यांची. अक्षराचा आकार बापाच्या ०.८ पट, त्याच्या आत पुन्हा ०.८, पुन्हा ०.८. तिसऱ्या पिढीला मूळच्या अक्षराचा ५१.२ टक्के आकार उरतो. यादीच्या आतल्या यादीत अक्षरं मुंगीएवढी होतात ती अशी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली: ८० टक्क्यांवर केलेली प्रत परत ८०वर. आणि ‘रेम’ हे माप म्हणजे प्रत्येक वेळी मूळ कागद काचेवर ठेवणं. डीटीपीवाल्यांना झेरॉक्स समजावून सांगावी लागत नाही.

१९ जून

कॅस्केड. नावातच चित्र आहे आणि तेच चुकीचं आहे. प्रत्येक इंग्रजी पुस्तकात धबधबा. धबधब्यात पाणी वरून खाली पडतं, बस. इथे प्रश्न आहे तो भांडणाचा: एकाच अक्षराबद्दल तिघांनी तीन सूचना दिल्या तर कोणाची चालायची?

हॉकोन व्हियुम ली यांनी १० ऑक्टोबर १९९४ला, सर्नमध्ये असताना, पहिला प्रस्ताव मांडला, त्यात प्रत्येक सूचनेपुढे टक्के लिहायची सोय होती. मथळ्याचा आकार अमुक असावा, माझा आग्रह १०० टक्के. दुसऱ्या मथळ्याबद्दल आग्रह ४० टक्के, उरलेला हक्क पुढच्या स्टाइलशीटला. वाचक आणि लेखक यांच्यात वाटाघाट व्हावी असा तो विचार. ते टक्के पुढे गळाले. ली आणि बर्ट बॉस यांनी मिळून घडवलेलं जे सीएसएस डिसेंबर १९९६मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने शिफारस म्हणून जाहीर केलं, त्यात वाटाघाट नाही, निकाल आहे.

धबधब्यावर फुली. पेस्टअपच्या काळातले बटर पेपर काढले, एकावर एक तीन. सर्वात खाली ब्राउझरचा, त्यावर वाचकाचा, वर लेखकाचा. ज्या जागी वरच्या कागदावर काही लिहिलं आहे तिथे तेच दिसतं, कोरं आहे तिथे खालचं. ‘इम्पॉर्टंट’ लिहिलेल्या सूचनांचा गठ्ठा वेगळा, आणि त्यात क्रम उलटा: वाचकाचा कागद लेखकाच्या वर. का, ते काकांना सांगायची गरज पडली नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मागच्याच महिन्यात झालं.

एकाच कागदावरच्या दोन सूचना भांडल्या तर त्यांचं वजन बघायचं. ते ठरतं सूचना तुकड्याला कोणत्या खुणेने लावली यावर: एकट्याचा आयडी, अनेकांचा वर्ग की नुसता टॅग. यावर आकड्यांचे तक्ते असतात. आयडी शंभर, वर्ग दहा, टॅग एक. हे तक्ते खोटे आहेत. अकरा वर्ग मिळून ११० होत नाहीत आणि आयडीला हरवत नाहीत. इथे हातचा नाहीच. मग पत्ते काढले. हुकमाची दुर्री बदामाच्या एक्क्याला मारते. हातात बदामाची सगळी पानं असली तरी मारते. हे मराठी घरात चौथीतल्या पोरालाही माहीत असतं, आणि मी तीन दिवस तक्ता आखत बसले होते.

२४ जून, सोमवार

फ्लोट. समोरून काढलेलं चित्र सगळ्यांना आवडतं: फोटो डावीकडे, मजकूर त्याला वळसा घालून. नदीतल्या खडकाला पाण्याने घातला तसा. आणि मग परिच्छेदाला पिवळा रंग दिला की तो फोटोच्या खालून पार डाव्या कडेपर्यंत गेलेला दिसतो आणि माणूस डोकं धरतो.

कारण वळसा परिच्छेद घालत नाही, त्यातल्या ओळी घालतात. परिच्छेदाचा डबा फोटोच्या खाली पूर्ण रुंदीने पसरलेला असतो. ओळी फक्त आखूड होतात. समोरून हे दाखवणं अशक्य. आणि मग पंप आठवला. वीस वर्षं जे केलं ते: छेद. पान बाजूने कापलं. सर्वात खाली परिच्छेदाचा रंग, त्यावर फोटो, त्यावर ओळींची अक्षरं. तीन थर. समोरचं दृश्य वर, छेद खाली, मध्ये तुटक रेषा.

या चित्राला एक अख्खं पान दिलं. हाताला इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

२५ जून

झेड-इंडेक्स, म्हणजे कोणता डबा कोणावर ते ठरवणारा नंबर. फायलीतला कागद. वरच्या फायलीतला सर्वात खालचा कागदही खालच्या फायलीतल्या सर्वात वरच्या कागदाच्या वर असतो; खालच्याला ९९९९ नंबर दिला तरी. सरकारी कचेरीत गेलेल्या कोणालाही पुरेल. वीस मिनिटांत झालं.

२८ जून, शुक्रवार

फ्लेक्सबॉक्सने उरलेला आठवडा खाल्ला. मोकळी जागा डब्यांमध्ये कशी वाटायची, हा प्रश्न. आधार म्हणून अक्षरजुळणीवरचं जुनं पुस्तक काढलं, डोनाल्ड कनूथ यांचं ‘टेकबुक’, १९८४चं. त्यात ड्वेन बिबी यांनी काढलेला सिंह ठिकठिकाणी भेटतो. सिंह काहीच समजावत नाही. तो नुसता सोबत करतो, आणि इतक्या अवघड पुस्तकात सोबतीलाही किंमत आहे. समजावतं ते एक अगदी कोरडं चित्र: चार डबे आणि त्यांच्यामध्ये तीन ठिकाणी ‘गोंद’. डब्यांच्या रुंद्या ५, ६, ३, ८. गोंदाच्या ९, ९, १२. एकूण ५२. ओळ ५८ची करायची. पहिल्या गोंदाची ताणायची कुवत ३, दुसऱ्याची ६, तिसऱ्याची शून्य. जादा ६ त्याच प्रमाणात वाटले जातात: २, ४ आणि ०. गोंदापेक्षा स्प्रिंग हे नाव जास्त शोभलं असतं, हे कनूथनाही मान्य आहे.

फ्लेक्स-ग्रो हाच हिशेब, फरक एवढाच की इथे मधली जागा नाही, डबेच ताणले जातात. १, २, ० असं सांगितलं तर जादा ६मधले २, ४, ०.

मी इलॅस्टिकच्या पट्ट्या काढल्या. छान दिसल्या. मग मुलीने वहीच्या डाव्या पानाकडे बोट दाखवलं, “इथे काय लिहायचं, ताई?” बसलो हिशेब करत. १०० आणि ३००चे दोन डबे, दोघांचा ग्रो १, जादा जागा ८०. वाटणी ४०-४०. खरं इलॅस्टिक असं वागत नाही. एकाच विणीचा तिप्पट लांब तुकडा तिप्पट ताणला जातो. आता जागा ८०ने कमी पडू द्या, दोघांचा श्रिंक १. इथे १००चा डबा २० सोडतो, ३००चा ६०, कारण आकसताना मूळ मापही हिशेबात धरतात. म्हणजे आमचं इलॅस्टिक आकसताना खरं आणि ताणताना खोटं. अर्धं खरं असलेलं चित्र संपूर्ण खोट्यापेक्षा वाईट, कारण ते लवकर पकडलं जात नाही.

संध्याकाळी जिना उतरताना सुचलं. दुकान चालवणारे दोन भाऊ. नफा ठरलेल्या हिश्श्याने, कोणाचं घर केवढं ते न बघता. तोटा ऐपतीने, ज्याचं मोठं त्याने जास्त सोसायचं. इलॅस्टिक काढून टाकलं. रेखाटन फार सुंदर झालं होतं, म्हणून वहीत राहू दिलं.

८ जुलै, सोमवार

चार डीटीपीवाल्यांना कच्ची पुस्तिका वाचायला दिली होती. ते आज आले. ‘कळलं का?’ असं विचारलं नाही. त्याला सगळे हो म्हणतात. कोरा कागद दिला आणि म्हटलं, फ्लोटच्या मागे काय असतं ते काढा.

तिघांनी छेद काढला. चौथ्याने खडक आणि नदी काढली, जी मी पुस्तिकेत कुठेच ठेवली नव्हती. त्याने ती दुसरीकडे पाहिली होती आणि ती त्याच्या डोक्यातून माझ्या पानभर छेदानेही गेली नाही. चुकीचं चित्र आधी पोहोचलं की नंतरच्याला दुप्पट काम पडतं. त्या पानावर आता खडकाचं चित्र छोटं काढून त्यावर फुली मारली आहे, आणि फुली का, ते लिहिलं आहे.

बटर पेपर सगळ्यांना कळले. दुर्री-एक्क्यावर हशा झाला. दोरी आणि फरशी दोघांना कळली, दोघांना नाही. ते चित्र पुन्हा काढायचं आहे.

२ ऑगस्ट

एकूण चित्रं काढली ६३, पुस्तिकेत राहिली १९. बाईंना कमी वाटली. काकांना पुरेशी वाटली. आतल्या पानावर कडेवरच्या पोराच्या चित्राखाली मुलीचं नाव घातलं. ती दिवसभर ते पान उघडून बसली होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार

फाइल छापखान्यात दिली. तासाभरात तिथल्या पोराचा फोन: “मॅडम, पानाचं माप कटिंगच्या आतलं दिलंय का बाहेरचं? मुखपृष्ठाचा रंग कडेला संपतोय, ब्लीडच नाही.”

आतलं दिलं होतं. चारही बाजूंना ३ मिलिमीटर वाढवून फाइल संध्याकाळी परत पाठवली.